शापाच्या दगडावर आत्याबाई

"गाढव मिळेल का?" पाथरवटानं विचारलं.

आत्याबाई त्याच्या पानात भात वाढत होत्या. त्यांचा हात तसाच राहिला. "खायला?"

"बघायला," तो म्हणाला.

आत्याबाई म्हणजे माझी सासू, नागाई. पाथरवटाचं नाव सोढल. त्याच दिवशी सकाळी तो चेऊलहून आला होता. दगड होडीतून आला आणि तो चालत आला, कारण होडीत दोघांपैकी एकच मावत होता. शके नऊशे बावन्न, प्रमोद संवत्सर. हे मला ठाऊक आहे, कारण पुढचे कित्येक दिवस सोढल तेच मोठ्यानं म्हणत दगडावर उठवत बसला होता.

आमच्या घराच्या आणि खाडीच्या मध्ये राजाची नारळीची वाडी होती. राजानं ती त्या वर्षी टेकावरच्या देवीला दिली. वाडीच्या खोबऱ्याचं तेल निघेल, त्यावर देवीचा दिवा जळेल आणि होड्यांना खाडीचं मुख दिसेल, असं ते दान होतं. दान दिलं की मेरेवर, म्हणजे हद्दीवर, दगड रोवायचा, ही रीत. वाडीची मेर आमच्या अंगणाला लागून, आणि आमचे हे गावचे महत्तर, गावाचा कारभार बघणारे. म्हणून दगड आमच्या अंगणात आणि पाथरवट आमच्या पंगतीला.

"गाढवं मी पुष्कळ कोरलीत, बाय," सोढल म्हणाला. "पण ती गाढवं होत नाहीत. मागच्या गावात लोकांना ते हरीण वाटलं. आता त्याला फुलं वाहतात. एका बाईला तर नवसानं मूल झालं. शापाच्या दगडाला नवस बोलतात का कुणी? म्हणून म्हटलं, या वेळी समोर खरं गाढव बघून करावं."

"शापाचा दगड?" आत्याबाई म्हणाल्या. "दानाचा आहे ना?"

"वर दान. वरती चंद्र-सूर्य, मधे अक्षरं, आणि खाली शाप. जो कुणी ही मेर मोडील त्याच्या आईला..." सोढलनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पोटाकडं बघितलं. मला सातवा महिना होता. तो एकदम पानाकडं बघायला लागला. "त्याच्या आईला गाढव."

"गाढव काय?"

"गाढव, आणि ती आई. बाय, मला भात खाऊ द्या."

पुढचं मीही सांगत नाही. ज्यांनी असे दगड पाहिलेत त्यांना ठाऊक आहे. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी कुठल्याही गावाच्या शिवेवर जाऊन पाहावेत, मात्र बरोबर सासऱ्यांना नेऊ नये.

"कुणाची आई म्हणालास?" आत्याबाईंनी विचारलं.

"जो मेर मोडील त्याची."

आत्याबाईंनी मान वळवली. अंगणाच्या टोकाला आमचे हे वई, म्हणजे कुंपण, नीट करत होते. एक खुंटा उपटून त्यांनी तो हातभर पुढं, वाडीत रोवला आणि गुणगुणत पायानं माती दाबली.

"म्हणजे मी," आत्याबाई म्हणाल्या.

ह्यांना चोर म्हणणं बरोबर होणार नाही. ह्यांनी कधी कुणाचा नारळ उचलला नाही. पण कुठलीही कड दिसली की ती थोडी पुढं सारल्याशिवाय ह्यांना चैन पडत नसे. पंगतीत बसले की ह्यांचा भात हळूहळू शेजारच्या पानात जायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी चटईवर निजत होते, दुसऱ्या वर्षी चटईच्या कडेवर. दर पावसाळ्यानंतर वई दुरुस्त करायची असते, ती हे नेमानं करायचे, आणि दर दुरुस्तीत वई वाडीत हातभर शिरायची. राजा तिकडं लांब राजधानीत, श्रीस्थानकात, आणि माड काही बोलत नाहीत. आमच्या अंगणात त्या वर्षी राजाचे किती माड होते, ते गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आत्याबाई मधून मधून ओरडायच्या, पण ते ऊन-पावसाला ओरडावं तसं.

त्या दिवशी मात्र त्या पळी हातात घेऊनच वईपाशी गेल्या.

"चांग्या, तो खुंटा काढ."

"का गो आई?"

"काढ म्हणते ना."

"आई, मी काही करत नाही. वई आपली आपण सरकते. माती सरकते, खाडी सरकते, मग वईनंच काय पाप केलंय?"

"दगडावर काय येणार आहे ठाऊक आहे तुला?"

ह्यांना ठाऊक होतं. महत्तर होते, दानाची आज्ञा ह्यांच्यासमोरच वाचली गेली होती. हे खाली बघत म्हणाले, "ते आपलं म्हणायचं असतं. सगळ्याच दगडांवर असतं."

"सगळ्या गावांत तू नसतोस."

"बरं, सोडलं. इथून पुढं हात नाही लावणार. तुझी शपथ."

"माझी शपथ तू मागच्या वर्षीही घेतली होतीस," आत्याबाई म्हणाल्या. "त्याच्या मागच्या वर्षी देवीची घेतली होतीस. तेव्हा मला बरं तरी वाटलं होतं."

मुलगा सुधारणार नाही हे बाईला कळलं, की ती दगड सुधारायला घेते. दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई सोढलच्या समोर उभ्या राहायला लागल्या. एक हात कमरेवर, दुसऱ्यात जे काय असेल ते. त्यांचा अंबाडा नेहमी डाव्या कानाकडं कललेला असायचा आणि बोलताना तोही हलायचा, जसा काही दुजोरा देतोय.

"आईच्या ठिकाणी बाप घाल," त्या म्हणाल्या. "ह्याचा बाप कधीच गेला. त्याला काही लागायचं नाही."

"बापाचं मला शिकवलेलं नाही, बाय."

"मग ज्यानं मेर मोडली त्यालाच उभा कर. पाप त्याचं, गाढव त्याचं."

"असं करून भागत नाही म्हणतात. माणूस स्वतःपुरता घाबरत नाही. आईचं नाव घेतलं की घाबरतो."

"असं कोण म्हणतं?"

"राजधानीत ठरलंय. मोठमोठ्या मंडळींनी बसून ठरवलंय."

"त्यांना आया नव्हत्या?"

सोढलनं टाकी-हातोडा खाली ठेवला. तो चांगला माणूस होता. त्यानं यावर थोडा वेळ खरंच विचार केला. "असतील," तो म्हणाला, "पण त्या बैठकीला नसतील."

गोष्ट पाणवठ्यावर गेली. दुपारपर्यंत गावातल्या बायका आमच्या पडवीत. त्यात देमाई होती. देमाईला सात मुलगे. या सात मुलग्यांच्या बळावर तिनं गावात वीस वर्षं मान ताठ ठेवली होती. लग्नकार्यात पहिली ओटी तिची, पाणवठ्यावर पहिला हंडा तिचा. ती आज खांबाला टेकून कोपऱ्यात बसली होती.

"सगळ्यांत धाकटा थोडा आडदांड आहे," ती हळूच म्हणाली. "इतर सहांचं तसं काही नाही. चौथ्याचं सांगता येत नाही."

रुपाईला पाच मुली. तिला आजवर कुणी ओटीला बोलावलं नव्हतं. ती पडवीच्या मधोमध पाय पसरून सुपारी कातरत बसली होती.

"आम्हाला काय," ती म्हणाली. "माझ्या लेकींनी मेर मोडली तर दगडावर काय लिहिलंय? काहीच नाही. पाचही मोडू देत."

"तुझे जावई मोडतील की."

"त्यांच्या आया बघतील."

मग एकेक करत सगळ्यांचे डोळे माझ्या पोटावर आले. सात महिने सगळ्याजणी त्या पोटाकडं बघून मुलगा, मुलगा म्हणत होत्या. आंबट खावंसं वाटतं म्हणजे मुलगा, उजवा पाय आधी टाकते म्हणजे मुलगा. आता देमाई म्हणाली, "अगदी मुलगाच असेल असं काही नाही हं, लखू. डावा पायसुद्धा टाकतेस तू."

मी हसले. पण त्या संध्याकाळी चुलीपुढं बसले तेव्हा मला हसू येईना. दगडावर चंद्र-सूर्य उगाच नव्हते. जोवर ते आहेत तोवर शाप आहे. आत्याबाई काही जन्मभर पुरणार नव्हत्या. मुलगा झाला, बापावर गेला, की दगडावर मी.

गाढव आणलं ते कुंभाराचं. गावात तेवढं एकच होतं. ते अंगणात आलं, त्यानं पडवीवरच्या माडाच्या झापांचा एक कोपरा खाल्ला, सोढलच्या पोटाला डोकं घासलं आणि जे फिरायला लागलं ते थांबेना. सोढल टाकी घेऊन त्याच्यामागं. "कान तेवढे बघू दे," म्हणायचा. गाढव पाठ दाखवायचं.

शेवटी आत्याबाईंनाच दया आली. कुणाची आली ते सांगता येत नाही. त्यांनी टोपलीत भाताचा कोंडा घेतला आणि पुढं धरला. गाढव त्यांच्यासमोर असं उभं राहिलं की जणू तेच दगडाचं आहे. मान किंचित वाकडी, कान पुढं, डोळे आत्याबाईंच्या तोंडावर. त्यानंतर चार दिवस हेच चाललं. एका हातात कोंडा, दुसरा कमरेवर, आत्याबाई सोढलला बोलताहेत, गाढव आत्याबाईंकडं बघतंय, आणि सोढल मान खाली घालून टाक् टाक् टाक्.

बाईची आकृती कोरायला त्यानं कुणालाच समोर उभं केलं नाही. त्याला गरजच वाटली नसावी.

ज्या दिवशी त्यानं दगडावर पाणी मारून धूळ धुतली, त्या दिवशी आम्ही सगळे बघायला उभे राहिलो. गाढव गाढव झालं होतं, त्याबद्दल वाद नव्हता. आणि बाईचा अंबाडा डाव्या कानाकडं कलला होता. एक हात कमरेवर होता. तोंड थोडं उघडं, आता काहीतरी ऐकवणार असं. जे आज्ञेत होतं ते सगळं सोढलनं नियमाप्रमाणं केलं होतं, त्यात उणं नव्हतं. पण गाढवाच्या तोंडावर असा भाव होता की त्या दोघांकडं बघून शाप वाटेना. गाढवाच्या जेवणाची वेळ झाली आहे असं वाटायचं.

"नागाई," रुपाई म्हणाली. तिनं नुसतं नाव घेतलं. दुसरं काही म्हणायची सोय नव्हती.

"मी केलं नाही," सोढल म्हणाला. "म्हणजे मी केलं. पण मी ठरवून केलं नाही. बाय, तुम्ही हलतच नव्हतात समोरून."

"दुसरा दगड?" ह्यांनी विचारलं.

"दुसरा दगड चेऊलहून यायला पंधरवडा. अधिकारी परवा येणार."

आत्याबाईंनी दगडाकडं पुष्कळ वेळ बघितलं. मला वाटलं, त्या रडणार. त्या वाकल्या आणि बोटानं त्या बाईच्या अंबाड्यात अडकलेली धूळ काढली.

"चांग्या," त्या म्हणाल्या, "आता तरी कळलं का, दगडावर कोण आहे ते? कुदळ आण."

त्यांनी चटई घेतली, पाण्याचा तांब्या घेतला आणि वईपाशी जाऊन बसल्या. "हा खुंटा उपट. मागं रोव."

ह्यांनी उपटला, मागं रोवला.

"अजून मागं. हा तू तुझ्या लग्नाच्या वर्षी पुढं नेलास. वरात दारात होती आणि तू माती दाबत होतास."

हे मागं सरले. आत्याबाईंनी चटई मागं घेतली.

"अजून. इथं तू होतास तेव्हा तुला ताप आलेला. अंगात ताप, हातात खुंटा."

एकेक माड वईपलीकडं जात होता. हे प्रत्येक माडाला हात लावून निरोप घेत होते. एकाला तर मिठी मारली. गाव अंगणात जमलं होतं आणि देमाईनं आपल्या सातही मुलग्यांना आणून पुढच्या रांगेत बसवलं होतं. "बघा," ती म्हणत होती. "नीट बघा."

"आई, बस ना आता," हे म्हणाले. घामानं निथळत होते. "इथपासून मी आरंभ केला. ह्याच्या मागचं माझं नाही."

"तुझं नाही. तुझ्या बापाचं आहे. मागं."

वई मागं येत गेली, चटई मागं येत गेली, आणि दुपार कलायच्या सुमारास ह्यांची पाठ भिंतीला लागली.

"आई, मागं स्वयंपाकघर आहे."

आत्याबाई तांब्यातलं पाणी प्यायल्या.

"आई, आता कुठं रोवू?"

आत्याबाई उठल्या. त्यांनी गावाकडं बघितलं, आणि गाव काहीतरी कळल्यासारखं उठून घरी गेलं. देमाईचा धाकटा मागं रेंगाळला, त्याला तिनं कानाला धरून नेलं. मग आत्याबाई आत गेल्या. आम्ही दोघं त्यांच्यामागं. त्या चुलीपुढं बसल्या. आमची चूल तीन दगडांची. त्यांनी आतल्या, खिडकीकडच्या दगडावरची राख हातानं बाजूला केली.

"हा मेरेचा दगड," त्या म्हणाल्या. "जुना. तुझ्या आजोबांच्याही आधीचा. हा कुणी हलवला नाही. हा इथं होताच. तुझ्या बापानं आणखी दोन आणून ठेवले, चूल झाली."

हे मटकन खाली बसले. मला वाटलं, आता हे हसतील. आठवडाभर ज्या खोडीवरून बोलणी खाल्ली ती घरची निघाली, आणि निघाली ती चुलीखालीच. पण हे हसले नाहीत. "बाबांनी?" एवढंच म्हणाले.

"मी नवी होते," आत्याबाई म्हणाल्या. त्या आमच्याकडं बघत नव्हत्या, चुलीकडं बघत होत्या. "स्वयंपाकघर तेव्हा आत होतं, जिथं आता कोठार आहे. तिथून नुसती भिंत दिसायची. मी रडायचे. चुलीच्या धुरानं डोळ्यांत पाणी येतं म्हणून सांगायचे. एक दिवस त्यांनी विचारलं, धूर तर आज नाही, मग? मी म्हटलं, खाडीपलीकडं आमचं घर आहे. सकाळी आई चूल पेटवते. तो धूर दिसला तर मला बरं वाटेल."

"मग?"

"मग काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भिंत पाडली आणि स्वयंपाकघर पुढं वाडीत काढलं. चार दिवसांनी म्हणाले, आता इथं बस आणि बघ. खिडकीतून बघितलं तर दिसत होता."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? भात वाढला."

खिडकीबाहेर वाडी होती, वाडीच्या माडांमधून खाडीचं पाणी, आणि पलीकडच्या काठावर घरांची रेघ. इतकी वर्षं मी त्याच चुलीपुढं बसत होते, आणि त्या खिडकीतून मला कधी भरती-ओहोटीपलीकडं काही दिसलं नव्हतं.

"आई, राहू दे," हे एकदम म्हणाले. "हे राहू दे. कोणी बघत नाही. चुलीखाली वाकून कोण बघणार आहे? अधिकारी तर नाहीच. वई भिंतीला लावून टाकू."

"आणि शाप?"

"शाप तुला नाही लागणार. मेर मी नाही मोडली ही. बाबांनी मोडली. मग दगडावर बाबांची आई. माझी आजी. ती तुला फार छळायची म्हणतात."

मी पदर तोंडाला लावला. आत्याबाईंनीही क्षणभर विचार केल्यासारखं मला वाटलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "त्यांच्या मनात नव्हतं. माझ्यासाठी मोडली. म्हणजे मोडणारी मी. आणि मग दगडावर कोण येतं, चांग्या? माझी आई. जिचा धूर बघायला मेर मोडली, तिलाच गाढवापुढं नेऊन उभी करू?"

"आजी जाऊन किती वर्षं झाली, आई."

"म्हणून काय झालं. मेली म्हणून काय कुणाची आई नाही ती?"

आत्याबाईंनी चुलीतली जळती लाकडं चिमट्यानं काढली, मडक्यात ठेवली, आणि खिडकीच्या वरचं पहिलं झाप आपल्या हातानं ओढलं.

स्वयंपाकघर पाडायला दोन दिवस लागले. सगळ्या बायका आल्या. रुपाई भिंतीवर चढली होती. माझं पोट बघून मला कुणी काही उचलू देईना, म्हणून मी सोढलला जेवायला वाढत होते आणि सोढल घास घेताना डोळे पुसत होता. "माझ्यामुळं झालं," म्हणायचा. "हरीणच करायला हवं होतं." चूल आत कोठारात गेली. जुन्या मेरेचा दगड तेवढा भुईतून वर आलेला राहिला, काळाकुट्ट, पाठीवर इतक्या वर्षांच्या जेवणाची काजळी घेऊन.

अधिकारी आला तो डोक्यावर छत्री धरणारा माणूस घेऊन. त्यानं वई बघितली, माड बघितले, मेरेचा जुना दगड बघितला आणि म्हणाला, "अशी सरळ मेर मी या किनाऱ्यावर पाहिली नाही. महत्तर, तुमचं घराणं मोठं सचोटीचं दिसतं."

"हो," ह्यांनी सांगितलं. देमाईचा धाकटा मागं हसला आणि त्याला मार बसला.

मग अधिकाऱ्यानं आमचा दगड बघितला. वरचे चंद्र-सूर्य बघितले, अक्षरं वाचली, खाली आला आणि थांबला. त्यानं बाईच्या आकृतीकडं बघितलं. मग समोर उभ्या असलेल्या आत्याबाईंकडं बघितलं. परत दगडाकडं. तो खोकला.

"चित्र... नेमकं आहे," तो म्हणाला. "बरं. रोवा. चित्राचं तोंड गावाकडं."

"खाडीकडं," आत्याबाई म्हणाल्या.

"बाई, शापाचं तोंड गावाकडं असतं. नाहीतर मेर मोडणाऱ्याला तो दिसणार कसा?"

"मेर मोडणारा माझ्या घरात आहे. त्याला दगड नको. मी पुरे आहे."

अधिकाऱ्यानं ह्यांच्याकडं बघितलं. हे पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते.

"आणि खाडीतून चाचे आले तर?" आत्याबाई म्हणाल्या. "नारळावर त्यांचाच डोळा असतो. त्यांना कोण सांगणार, की दान आहे म्हणून? गावाकडं तोंड केलं तर त्यांना नुसती दगडाची पाठ दिसेल."

अधिकाऱ्याला काहीतरी कारण हवंच होतं असं मला वाटतं. इतका वेळ त्या दोघींकडं, एक दगडातली आणि एक समोरची, बघत राहणं त्याच्यानं होत नव्हतं. "चाचे," तो म्हणाला. "हा विचार कुणी केला नव्हता. खाडीकडं करा." आणि तो माडाच्या सावलीत जाऊन बसला. मी त्याला शहाळं दिलं.

जुन्या दगडाला लागून खड्डा खणला. चौघांनी दोर लावले. दगड उभा राहिला. चित्र खाडीकडं, पाठ आमच्याकडं. अंबाड्याचा मागचा भाग दगडात नव्हता, म्हणून आमच्या अंगणातून बघितलं तर नुसता काळा दगड. सोढल पुढं जाऊन उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. का जोडले ते त्यालाही सांगता आलं नसतं.

माती लोटायच्या आधी हे एकदम पुढं गेले आणि दगडाच्या पुढ्यात भुईवर पालथे पडले. डोकं त्या कोरलेल्या बाईच्या डोक्याशी टेकवलं. एक डोळा मिटून खाडीकडं बघितलं.

"काय रे करतोस?" आत्याबाई म्हणाल्या. "लोक बघताहेत."

"आई," हे खालूनच हळू आवाजात म्हणाले, "इथून नीट दिसत नाही. बरोबर मधे त्या वाकड्या माडाचं खोड येतंय. मामाचं घर त्याच्यामागं झाकतंय." त्यांनी थोडं पुढं सरकून पाहिलं. "पण वीतभर पुढं घेतला तर मोकळं होतंय. धूर दिसतोय. आत्ताही दिसतोय बघ. मामीनं दुपारची चूल पेटवलेली दिसते."

दोर धरलेले चौघे तसेच उभे. वीतभर पुढं म्हणजे वाडीत, देवीच्या दानात.

आत्याबाईंनी अधिकाऱ्याकडं बघितलं. तो शहाळं तोंडाला लावून मान मागं टाकून पीत होता, डोळे मिटलेले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी माडांकडं बघायला लागले.

"वीतभर," आत्याबाई म्हणाल्या. "आणि वई हलवायची नाही."

ह्यांनी पहार घातली.